पहिल्या पटावरची तंद्री

फेरो बेटं नकाशात कुठे आहेत, हे भारतीय बुद्धिबळ संघाचे कर्णधार यशवंत नेहेते यांना त्या दिवशी दुपारपर्यंत नक्की सांगता आलं नसतं. संध्याकाळी मात्र त्या बेटांवरच्या एका दंतवैद्याने त्यांच्या सुमेधला हरवलं आणि तिबिलिसीच्या त्या प्रचंड सभागृहात कुजबुज सुरू झाली ती थांबेचना. सुमेध तायडे, जगात दुसरा, भारताचा पहिला पट. आणि समोर जाड भुवयांचा एक माणूस, जो वर्षभर लोकांच्या दाढा उपटतो आणि सुट्टी मिळाली तर बुद्धिबळ खेळतो. जिंकल्यावर काय करायचं ते त्यालाही सुचेना. त्याने सुमेधचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

नेहेते दोरीच्या अलीकडे, कर्णधारांच्या खुर्च्यांमध्ये बसले होते. मांडीवरच्या छोट्या पडद्यावर चार पट्ट्या होत्या, चार खेळाडूंच्या. तीन हिरव्या, पहिली लाल. डाव चालू असतानाच ती लाल झाली होती, तरी नेहेते जागचे हलले नव्हते.

महासंघाचे सचिव रणदिवे त्यांना बाहेरच्या जिन्यावर गाठायला टपूनच होते.

"नेहेते, तुम्ही बघत काय होता? पट्टी लाल झालेली आपल्या तंत्रज्ञ अश्विनीच्या पडद्यावर मी स्वतः पाहिली. तेव्हा समोरचा बरोबरी द्यायला एका पायावर तयार होता. आणि तुम्ही ढिम्म!"

"तंद्रीत होता तो."

"म्हणजे झोपला होता."

"झोप नाही हो ती साहेब. मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून बघतोय."

"बघताय ना? मग हरला कसा?"

हरला होता खरा.

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी पट मांडले जात, तेव्हापासूनची ही गोष्ट. सुमेधचे वडील लोकोशेडमध्ये फिटर. ड्युटीवर जाताना ते पोराला नेहेते सरांच्या हवाली करत. पोरगं खेळायचं चांगलं, पण मध्येच त्याचं काहीतरी व्हायचं. डोळे उघडे, नजर सैल, खालचा ओठ लोंबलेला, हाक मारली तर ओ नाही. क्लबातले मालगाडीचे गार्ड आणि तिकीट तपासनीस एकमेकांना कोपराने ढोसत. "सुमेध झोपला भो!" कोणीतरी त्याला हलवायला हात पुढे करी, आणि नेहेते लांबूनच ओरडत, "झोपलेला नाही तो! उठवू नका!" थोड्या वेळाने पोरगं खोल पाण्यातून वर आल्यासारखं दम घेई आणि अशी खेळी करी की गार्ड साहेबांना हातातली बिडी विझल्याचं कळत नसे. पुढे ते क्लबातलं ब्रीदवाक्यच झालं. नवा कोणी आला की त्याला आधी सांगायचं, चहा कुठे मिळतो, बाथरूम कुठे आहे आणि सुमेधला उठवायचं नाही.

त्याला उठवायचं नाही हे सगळ्यात आधी ज्यांना कळलं, त्यांच्याच मांडीवर आता जागल्या येऊन बसला होता.

जागल्या मुळात बुद्धिबळासाठी नव्हताच. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने तो घाटात ट्रक चालवणाऱ्यांसाठी बनवला आणि गावात रात्री पहारा देणाऱ्या माणसाचं नाव त्याला दिलं. त्यामागचं शास्त्र अवघड नाही. आपण समजतो, माणूस एक तर जागा असतो, नाही तर झोपलेला. तसं नसतं. थकलेल्या मेंदूतले छोटे छोटे भाग माणूस टक्क जागा असताना क्षणभर मिटतात. डोळे उघडे, हातात चहाचा कप, आणि आतल्या एखाद्या खोलीतला दिवा तेवढा गेलेला. उंदरांना जागवून केलेल्या प्रयोगांत हे आधी दिसलं. साखरेचा दाणा उचलायला पंजा पुढे करणारा उंदीर, नेमका तो भाग मिटला की दाण्याला चुकायचा. माणसाचं असं होतं तेव्हा डोळ्याची बाहुली किंचित सैल पडते, पापण्यांची लय बदलते. टेबलाच्या कडेला बसवलेला हरभऱ्याएवढा कॅमेरा तेवढंच टिपायचा आणि हा माणूस आता घोडचूक करण्याची शक्यता किती, ते पट्टीच्या रंगाने सांगायचा.

जागतिक संघटनेने त्याला परवानगी दिली ती एका कारणासाठी. जागल्याला बुद्धिबळ येत नव्हतं. घोडा अडीच घरं चालतो एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. तो पट बघतच नसे, फक्त माणूस बघे. आणि कर्णधाराला खेळाडूशी बोलायची मुभा तरी केवढी? पंचाच्या देखत जायचं आणि "बरोबरी माग" किंवा "बरोबरी घे" एवढंच म्हणायचं, डावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एवढ्याने काय बिघडणार, असं सगळ्यांना वाटलं.

बिघडलं ते भलतंच. लाल झाली की उठून बरोबरी घ्यायला सांगायचं, म्हणून मोठ्या संघांचे कर्णधार पट्टीला डोळे लावून बसले आणि त्यांचे खेळाडू कर्णधाराच्या पावलांना कान लावून. मागे खुर्ची सरकली की जगज्जेताही मागे वळून बघे. माझी लाल झाली की काय? निम्मं लक्ष पटावर, निम्मं पाठीमागे, अशा अवस्थेत जगातले पहिले दहा एकामागून एक कोसळायला लागले, तेही कुणाकुणाकडून, तर शाळामास्तर, कर सल्लागार आणि एक निवृत्त बोटवाला. छोट्या देशांना जागल्या परवडला नव्हता. त्यांचे कर्णधार बाहेर उन्हात कॉफी पीत बसत आणि खेळाडू आपले मुकाट खेळत. फेरोचा कर्णधार त्या दंतवैद्याचा मेहुणा होता आणि सामना चालू असताना तो किल्ला बघायला गेला होता.

गंमत म्हणजे जागल्या कधी चुकतच नसे. त्याचं ऐकून बरोबरी घेतली तर म्हणायचं, वाचलो. न ऐकता हरलो तर म्हणायचं, त्याने सांगितलं होतं. न ऐकता जिंकलो तर ते नशीब. जो डाव खेळलाच नाही तो कसा गेला असता, हे कोण कुणाला सांगणार? असं बिनचूक यंत्र कुणाला आवडणार नाही! रणदिव्यांना तर फारच आवडलं होतं.

"एक सांगतो," जिन्यावरून निघताना ते म्हणाले, "पुन्हा लाल असताना तुम्ही बसून राहिलात, तर त्या खुर्चीत दुसरा कोणीतरी बसेल. आणि पहिल्या पटाला विश्रांती देऊ. पाचवा खेळाडू आपण कशाला आणलाय?"

सुमेध छत्तीस वर्षांचा होता. हे त्याचं शेवटचं ऑलिंपियाड, हे त्याने घरून निघतानाच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेहेत्यांनी अश्विनी डहाकेला गाठलं. ती कंपनीची तंत्रज्ञ, संघाबरोबर आलेली, अमरावतीची. हुशार मुलगी, आणि त्याहून विशेष म्हणजे प्रामाणिक.

"मला खरं सांग. दमून मिटलेला मेंदू आणि विचारात बुडालेला मेंदू, याला वेगळा कळतो का?"

अश्विनीने पडदा बाजूला ठेवला. "नाही सर. काही भाग मिटलेत, एवढंच कळतं याला. फार खोलात जाताना काही माणसं बाहेरचं सगळं स्वतःच बंद करून घेतात. पट्टी त्यालाही लालच होते. पण अशी माणसं फार थोडी असतात हो. त्यांच्यासाठी वेगळी आकडेमोड केलीच नाही आम्ही."

"आणि सुमेध?"

"ते तुम्हालाच माहीत असणार. मी त्यांना पंधरा दिवसांपासून ओळखते."

संध्याकाळी नदीकाठी फिरताना सुमेधने स्वतःच विषय काढला. त्याच्या हातात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पुडी होती आणि तो त्या एकेक करून फोडत होता.

"सर, त्या डाक्टरशी मी हरलो ते माझी मोजणी चुकली म्हणून. झोपेत नाही हरलो. तिथंपर्यंत गेलो होतो मी, शेवटच्या वळणावर चुकलो. असं होतं ना कधीकधी?"

"होतं की."

"मग एक करा. राहिलेल्या फेऱ्यांत माझ्याकडे यायचं नाही. पट्टी लाल होवो की काळी. मला पाठीमागे तुमची चाहूल घेत खेळता येणार नाही."

नेहेत्यांनी पाण्याकडे पाहिलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. पण रणदिव्यांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर दंतवैद्याने हात धरून ठेवलेला सुमेधही हलत नव्हता. आपण बसून राहिलो आणि पोरगं हरलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडायला कधीकधी एवढं पुरतं.

"बघू," ते म्हणाले.

सुमेधने पुडीची घडी घातली. "बघू नका सर. एवढंच सांगतोय."

पुढच्या फेरीत पट्टी लाल झाली आणि नेहेते उठले. सुमेधने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, काही न बोलता बरोबरी मागितली, समोरच्याने दिली. संघ जिंकला. रणदिव्यांनी सर्वांसमक्ष नेहेत्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतरच्या फेरीत सुमेध दर खेळीनंतर दोरीकडे बघत होता. त्याची पट्टी अगदी हिरवीगार राहिली, आणि तो इतकं बेतास बात खेळला की समालोचकाने त्याच्या वयाचा विषय काढला.

शेवटच्या फेरीत समोर पोलंड. तीन डाव संपले तेव्हा हिशेब दीड-दीड झाला होता आणि फक्त पहिला पट उरला होता. सुमेध जिंकला तर सुवर्ण, बरोबरी झाली तर रौप्य, हरला तर चौथा क्रमांक आणि हात हलवत घरी. दोरीभोवती माणसं टाचा उंचावून उभी होती.

पांढरी मोहरी सुमेधकडे होती. दोन्ही हत्ती पुढे घुसलेले, काळ्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. पण काळ्याचा वजीर मोकळा सुटला होता आणि तो शहावर शह देत बसला तर डाव बरोबरीत अडकणार होता. सुमेध विचार करायला लागला, आणि बघता बघता त्याचा खालचा ओठ लोंबला. नजर सैल झाली. नेहेत्यांना ते पटापासून इतक्या लांबूनही कळलं. अशी तंद्री त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ही तर थेट इन्स्टिट्यूटमधली, गार्ड साहेबांच्या बिडीच्या काळातली.

पट्टी लाल झाली, आणि लालच राहिली.

मागच्या रांगेत रणदिवे खाकरले.

नेहेत्यांनी सुमेधच्या हाताकडे पाहिलं. तो हात हळूहळू टेबलावर आला, हत्तींना ओलांडून मागे गेला आणि स्वतःच्याच राजावर येऊन तरंगत राहिला. शिवला नव्हता अजून. शिवलं की ते मोहरं हलवावंच लागतं. पण ऐन हल्ल्यात, पुढे दोन हत्ती पेटलेले असताना, कोणी आपल्या राजाकडे हात नेतो? हात भरकटलाय, नेहेत्यांच्या मनात आलं. पोरगं खरंच मिटलंय. यंत्राचं बरोबर आहे.

घाबरले होते ते, दुसरं काही नाही. पुढे त्यांनी स्वतःला अनेक कारणं दिली, संघ, देश, पोराचं नाव. पण त्या क्षणी ते फक्त घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला मांडीवरच्या लाल पट्टीचा मोठा आधार वाटला.

ते उठले. पंचाला सोबत घेऊन पटापाशी गेले.

"बरोबरी मागितलीस तरी चालेल," ते नियमाप्रमाणे म्हणाले.

सुमेध दचकला नाही. नजर हळूहळू गोळा होत आली, कुठूनतरी फार लांबून. त्याने आधी सरांकडे पाहिलं आणि मग पटाकडे, एखादी वस्तू घ्यायला खोलीत यावं आणि काय घ्यायला आलो तेच आठवू नये, तसं. राजावरचा हात मागे घेतला. घड्याळात बराच वेळ शिल्लक होता. त्यातला पुष्कळसा त्याने नुसतं पटाकडे बघण्यात घालवला. मग एका हत्तीची साधीशी खेळी केली आणि बरोबरी मागितली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोलंडच्या पोराने हात पुढे केला.

टाळ्या पडल्या. रौप्य काही लहान नसतं. रणदिवे पत्रकारांना सांगत होते, की यंत्र आणि अनुभव यांचा मेळ बसला की काय होतं ते आज जगाने पाहिलं.

अश्विनी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिने नेहेत्यांना बाजूला घेतलं आणि आपल्या पडद्यावर संगणकाने केलेलं विश्लेषण दाखवलं. हत्तीच्या त्या साध्या खेळीआधीच्या स्थितीत पांढऱ्याला जिंकायला एकच खेळी होती. बाकी कुठलीही केली तरी बरोबरी. राजा एक घर बाजूला, बस. तेवढ्याने काळ्या वजिराचे सगळे शह मुळातच बंद होत होते आणि मग हत्तींना अडवणारं कोणी उरत नव्हतं. संगणकालाही ती खेळी सापडायला वेळ लागला होता.

"सर," अश्विनी म्हणाली, "त्यांचा हात राजावर होता ना?"

नेहेते पाण्याची बाटली शोधायला वळले. त्यांना एकदम फार तहान लागली.

इन्स्टिट्यूटपासूनचा त्या दोघांचा एक रिवाज होता. डाव संपला की संगणक नाही, फोन नाही, बातम्या नाहीत. आधी सरांपुढे बसायचं, काय दिसलं ते सांगायचं, आणि सर सांगतील ते ऐकायचं. फोन दुसऱ्या दिवशी सकाळी. जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचल्यावरही सुमेधने हा रिवाज मोडला नव्हता. बाकीचे खेळाडू त्यावरून त्याची टर उडवत, तो हसून सोडून देई.

त्या संध्याकाळीही तो खिशातला छोटा पट घेऊन हॉटेलच्या दिवाणखान्यात आला. मोहरी मांडली. सगळी बरोबर मांडली आणि थांबला.

"इथं होतो मी," तो म्हणाला. "काहीतरी दिसलं होतं सर. मोठं होतं. तुम्ही आलात आणि ते गेलं. आता आठवतच नाही. दुपारपासून डोकं फोडतोय." मग त्याने मान वर केली. "होतं का इथं काही?"

नेहेत्यांना ती खेळी माहीत होती. दोन बोटांनी राजा उचलून एक घर बाजूला ठेवायचा, एवढंच काम. त्यांचा हात मांडीवरच राहिला. सकाळी हा फोन उघडेल, सगळं जग त्याला तेच दाखवेल, हेही त्यांना माहीत होतं. तरीही त्या घटकेला, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर, आपण काय केलं ते आपल्याच हाताने मांडून दाखवायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

"नाही रे," ते म्हणाले. "बरोबरीचाच होता डाव."

सुमेधने पट स्वतःकडे ओढला.

"म्हणजे झोपच होती म्हणायची ती," तो हळूच म्हणाला. "मला आपलं वाटायचं, मी कुठंतरी जातो. तुम्हीच सांगायचे ना सगळ्यांना. लहानपणापासून तेच डोक्यात बसलं." तो हसला. "बरं केलं उठवलंत ते. हरलो असतो नाही तर."

त्याने मोहरी एकेक करून डबीत भरली. राजा सर्वांत शेवटी. जाताना तो नेहमीसारखा सरांच्या पाया पडला, आणि नेहेत्यांनी नेहमीसारखा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांना स्वतःचा वाटेना.

सकाळी विमानतळावर जाणारी बस लागली. नेहेते पुढच्या बाकावर बसले होते. सुमेध चढला, त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती ती ओलांडून मागे गेला आणि खिडकीशी बसला. फोन त्याच्या हातातच होता, उघडा. त्याने एकदाही पुढे पाहिलं नाही. बस निघाली तशी त्याने डोकं काचेला टेकलं. डोळे उघडे, नजर सैल.

रणदिव्यांना पदकांसकट सगळ्यांचा एक फोटो हवा होता. ते दोन बाकांच्या मधून तोल सावरत उभे राहिले.

"चला, चला, पदकं बाहेर काढा! अरे, हा सुमेध झोपला वाटतं. उठवा रे कोणीतरी त्याला."

बसमधल्या सगळ्यांनी सवयीने नेहेत्यांकडे पाहिलं. "उठवू नका" हे वाक्य त्यांचं होतं, गेली एकोणतीस वर्षं त्यांचंच होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग ते पुढे रस्त्याकडे बघू लागले. रणदिव्यांनी सुमेधच्या खांद्याकडे हात नेला.

"झोपलेलो नाही मी," खिडकीबाहेरची नजर न काढता सुमेध म्हणाला. "सरांना विचारा. त्यांना पहिल्यापासून माहीत आहे."